नऊ की दहा: लेन ६ च्या नवव्या कार्डाचं प्रकरण

जिल्हा पातळीवरची एअर पिस्तूल स्पर्धा. युवा मुलींचा गट, १० मीटर, ६० शॉट, सगळं कागदी कार्डांवर. एका कार्डावर पाच शॉट, म्हणजे प्रत्येकीची बारा कार्डं. तात्पुरता निकाल बोर्डावर लागला तेव्हा लेन ९ ची मुलगी ५४१ गुणांनी पहिली होती आणि लेन ६ ची मुलगी ५३२ वर, पदकांच्या बाहेर. दहा मिनिटांच्या मुदतीत लेन ६ च्या प्रशिक्षकांनी फी भरून लेखी प्रोटेस्ट दिला: नवव्या कार्डावर एक शॉट शून्य धरला आहे, तो शून्य नाही.

मी त्या स्पर्धेच्या ज्युरीत होते. क्लबचं नाव, मुलींची नावं इथे देत नाही. कार्डाचं नाव-गाव नसलं तरी चालतं, मापं हवीत, आणि ती सगळी देते. आपल्याकडे जिल्हा पातळीवर, शाळांत, एनसीसीच्या रेंजवर अजून भरपूर नेमबाजी कागदावरच होते. तिथे स्कोअरिंगला बसणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात: कुणाचे पालक, कुणी माजी नेमबाज, कुणी कॉलेजचा विद्यार्थी. हे प्रकरण त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

नवव्या कार्डावर स्कोअररने लिहिलं होतं: ९, ९, ८, ७, ०. बेरीज ३३. मुलीची तक्रार एवढीच होती, "मॅडम, मी पाचही मारलेत. एकही शॉट असा गेला नाही की मला कळलं नाही."

कार्डावर चार भोकं दिसत होती, हे खरं. वरच्या बाजूला एक स्वच्छ नऊ, उजवीकडे आठ, खाली सात. आणि दहाच्या रिंगच्या डाव्या-खालच्या अंगाला, घड्याळात सात वाजतात त्या दिशेला, एक जरा मोठं भोक. स्कोअररने ते एकच शॉट समजून नऊ दिले होते. पाचवं भोक सापडेना म्हणून शून्य. इथे त्याने थांबून ज्युरीला हाक मारायला हवी होती. भोकं कमी निघाली किंवा जास्त निघाली, की स्कोअररचं काम तिथे संपतं आणि ज्युरीचं सुरू होतं. पण पोरगा नवीन होता, समोर कार्डांचा ढीग होता, आणि ही गोष्ट त्याला आधी कुणी सांगितलेली नव्हती.

हिशेब असा होता. त्या मोठ्या भोकात दोन शॉट असतील आणि दोन्ही नऊ असतील, तर लेन ६ चे ५४१ होतात, म्हणजे बरोबरी. बरोबरी आतल्या दहांवर सुटते, म्हणजे दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळाला लागलेल्या शॉटांच्या संख्येवर. लेन ९ कडे आतले दहा नऊ होते, लेन ६ कडे सहा. म्हणजे सुवर्ण लेन ९ कडेच. पण दोन शॉटांपैकी एक दहा असेल, तर ५४२. सुवर्ण लेन ६ कडे. एका भोकावर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि त्या भोकाबद्दल दोन वेगळे प्रश्न होते. शॉट एक की दोन? आणि दोन असतील तर आतला, म्हणजे केंद्राजवळचा, शॉट दहाच्या रेषेला लागलाय का? हे प्रश्न एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. टेबलाभोवती जमलेले सगळे एकदम दुसऱ्याच प्रश्नावर बोलायला लागले होते.

आधी कार्ड मोजा

कुठलंही भोक बघायच्या आधी कार्ड खरं आहे का ते बघायचं. १० मीटर एअर पिस्तूलच्या कार्डावर दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिलिमीटर, नऊचा २७.५, आठचा ४३.५, सातचा ५९.५, आणि असंच १६-१६ ने वाढत एकच्या रिंगला १५५.५. काळा भाग सातच्या रिंगपर्यंत, म्हणजे ५९.५. दहाच्या आत ५ मिलिमीटरचं आणखी एक वर्तुळ असतं, आतल्या दहासाठी. सगळे व्यास रेषेच्या बाहेरच्या कडेपासून धरलेले असतात. ही शेवटची गोष्ट फार जणांना माहीत नसते आणि तिथेच चूक होते.

काही ठिकाणी खर्च वाचवायला झेरॉक्स काढलेली कार्डं वापरतात. झेरॉक्समध्ये चित्र दोन टक्के आखडलं तर काळा भाग ५९.५ ऐवजी जेमतेम ५८.३ भरतो. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, लावला की लगेच कळतं. दहाची रिंग त्याच प्रमाणात लहान झालेली असते, आणि मग रेषेवरच्या शॉटवर वाद घालण्यात अर्थच राहत नाही. आमची कार्डं छापील होती. काळा भाग दोन दिशांना मोजला, दोन्हीकडे ५९.५ भरला. पुढे गेलो.

नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: रेषेला स्पर्श झाला की वरचा गुण. पण स्पर्श कशाचा? छर्ऱ्याचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. तो कागदातून जाताना ४.५ मिलिमीटर जागा घेतो, पण मागे राहिलेलं भोक तेवढं मोठं दिसत नाही. कागदाचे धागे दाबले जातात, ताणले जातात आणि छर्रा निघून गेल्यावर थोडे परत येतात. चपट्या तोंडाचा छर्रा कागद स्वच्छ कापतो, तरी भोक साडेचारपेक्षा कमीच दिसतं. गोल तोंडाचा छर्रा तर कागद फाडत जातो आणि भोकाच्या कडेला चिंध्या राहतात. नियमाप्रमाणे छर्ऱ्याचा आकार कोणताही चालतो, शिसं किंवा तसाच मऊ धातू असला की झालं, त्यामुळे नवी मुलं मिळेल तो डबा घेऊन येतात. पावसाळ्यात दमट हवेने कार्ड मऊ पडलं की भोक आणखीच केसाळ होतं.

म्हणून भोकाची कड डोळ्याने बघून "रेषेला लागत नाही" असं म्हणणं ही स्कोअरिंगमधली सगळ्यात मोठी चूक. शॉटची किंमत छर्ऱ्याच्या मध्यावरून ठरते. मध्य दहाच्या केंद्रापासून किती लांब? दहाच्या रिंगची त्रिज्या ५.७५, छर्ऱ्याची २.२५. दोन्ही मिळून बरोबर ८. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, पलीकडे असेल तर नऊ. इलेक्ट्रॉनिक टार्गेट हेच मोजतं. त्यात दशांश गुण असतात आणि एअर पिस्तूलमध्ये एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. २८ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये मनू भाकर २२१.७ वर थांबली तेव्हा कोरियाची किम येजी २२१.८ वर होती. एका दशांशाने रौप्य गेलं आणि कांस्य राहिलं. यंत्रावर हा फरक आपोआप आकड्यात येतो. कागदावर तो माणसाला काढावा लागतो.

एक शॉट की दोन

टेबलावर कुणीतरी गेज हातात घेतलंच होतं. मी आणि दुसऱ्या ज्युरी सदस्याने एकाच वेळी थांबवलं.

गेज म्हणजे दांडी, तिला ४.५ मिलिमीटरची पातळ चकती. भोकात घातलं की चकतीची कड छर्ऱ्याची कड कुठे होती ते दाखवते. उत्तम साधन आहे, पण ते भोकात शिरताना कागदाचे परत आलेले धागे पुन्हा ढकलतं. म्हणजे वापरल्यावर भोक आधीसारखं राहत नाही. म्हणूनच नियम असा की गेज एका भोकात एकदाच घालायचं, आणि ते ज्युरीच्या माणसानेच. घातलं की कार्डावर तशी खूण, निर्णय आणि सही. आणि गेजने दिलेल्या निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही. अंतिम निर्णय देणारी आणि पुरावा मोडणारी वस्तू पहिल्याच मिनिटाला वापरायची नसते. त्यातून दोन भोकं एकमेकांत मिसळलेली असली, तर गेज एका बाजूला कलंडतं, कारण त्याला धरायला पूर्ण गोल कडच उरलेली नसते. अशा वेळी काय वापरायचं हेही नियमात सांगितलंय: पारदर्शक सपाट पट्टी, तिच्यावर कोरलेली वर्तुळं, आणि त्यांच्या मदतीने भोकाची किंवा रिंगची जागा पुन्हा उभी करायची.

तेव्हा आधी भिंग. आमच्याकडे आत बारीक मोजपट्टी असलेलं दहापट भिंग होतं. मोठं भोक आडवं ४.२ मिलिमीटर भरलं, लांबीला ६.३. शेजारची तीन साधी भोकंही मोजली. तिन्ही ४.२ च्या आसपास. म्हणजे या कार्डावर, या छर्ऱ्यांनी, एका शॉटचं भोक ४.२ दिसतं. मोठ्या भोकाची लांबी त्याहून २.१ ने जास्त. ही वजाबाकी मला फार आवडते, कारण कागद जेवढा आखडतो तेवढा दोन्ही मापांत आखडतो आणि वजा करताना तो हिशेबातून निघून जातो. दोन शॉट असतील तर त्यांच्या मध्यांत २.१ मिलिमीटर अंतर आहे, मग भोक कितीही आखडलेलं असो.

पण लांब भोक म्हणजे दोन शॉट असं नसतं. एकाच शॉटने कागद फाटूनही भोक लांबतं. फरक कुठे दिसतो? दोन वर्तुळं एकमेकांत गेली की जिथे ती मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी आत आलेलं टोक राहतं, भोकाला कंबर येते. ४.२ ची दोन वर्तुळं २.१ अंतरावर असतील तर कंबर साधारण ३.६ भरायला हवी. आम्ही मोजली, ३.६ च्या आसपासच भरली. आणि टोकं दोन्ही बाजूंना समोरासमोर होती. फाटलेल्या कागदाला अशी समोरासमोरची टोकं येत नाहीत. तिथे एका बाजूला चीर असते, ती निमुळती होत जाते.

मग दिवा. कार्ड काळं असलं तरी छर्रा जाताना भोकाच्या कडेला शिशाची करडी कड सोडतो. सरळ उजेडात ती काळ्यावर दिसत नाही. टेबललॅम्प खाली आणून उजेड कार्डावरून तिरका सोडला, तशी ती कड चमकायला लागली. आतल्या अर्ध्याला एक कमान, बाहेरच्या अर्ध्याला दुसरी कमान, आणि दोन्ही कंबरेपाशी तुटलेल्या. चिरेला शिसं लागत नाही. कार्ड उलटं करून पाठीमागचा कागदही बघितला. मागे दुमडलेल्या पापुद्र्यांचे दोन वेगळे गट होते.

एवढ्यावर मी "दोन शॉट" म्हणायला तयार होते. दुसऱ्या सदस्याला मात्र मोजणीही हवी होती, आणि ते योग्यच होतं. लेन ६ च्या बाकी अकरा कार्डांवर पाच-पाच भोकं, म्हणजे नवव्यावर चार मारून दहाव्यावर सहा मारलेत असं झालं नव्हतं. शेजारच्या लेन ५ आणि ७ ची त्याच फेरीतली सगळी कार्डं काढली, त्यांवरही पाचच. म्हणजे शॉट शेजारच्या कार्डावर गेलेला नव्हता. रेंज ऑफिसरच्या वहीत लेन ६ बद्दल काहीच नोंद नव्हती, ना पिस्तूल बिघडल्याची, ना चुकून सुटलेल्या शॉटची. लेन ६ च्या टार्गेटची पेटीही बघितली, पण तिच्या चौकटीवर आधीच्या कितीतरी खुणा होत्या, त्यामुळे त्यातून होकार नाही, नकारही नाही. १७० मिलिमीटरच्या चौकोनी कार्डाच्या पूर्ण बाहेर शॉट जाणं अशक्य नसतं. पण सातच्या बाहेर एकही शॉट न गेलेल्या मुलीचा एकच शॉट तिथे जावा, तो तिच्या लक्षात येऊ नये, रेंज ऑफिसरला दिसू नये, आणि त्याच कार्डावर दोन कमानींचं भोकही असावं, असं धरायला काहीच आधार नव्हता.

पहिला निर्णय लिहिला: मोठ्या भोकात दोन शॉट. दोघांच्या सह्या. शून्य रद्द.

मग दहा की नऊ

बाहेरचा शॉट नऊ, त्याबद्दल वाद नव्हता. आतल्याची कड दहाच्या पांढऱ्या रेषेच्या इतकी जवळ होती की नुसत्या डोळ्याला रेषा अखंड वाटायची. लेन ९ चे प्रशिक्षक तेवढ्यात आले होते आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: "लाईन दिसतेय ना पूर्ण? मग नाइन आहे. नाहीतर गेज घाला." त्यांच्या मुलीचं सुवर्ण जात होतं, त्यांना विचारायचा हक्क होता. गेज का नाही हे त्यांना समजावून सांगितलं. ते फारसे समाधानी दिसले नाहीत, पण बाजूला उभे राहिले.

पारदर्शक पट्टीवर ४.५ मिलिमीटरचं वर्तुळ कोरलेलं होतं आणि त्याच्याच मध्यावर ११.५ चं दुसरं. हे दुसरं वर्तुळ कशासाठी हे समजलं की कागदी स्कोअरिंगमधली अर्धी भांडणं मिटतात. दहाचा शॉट म्हणजे मध्य केंद्रापासून जास्तीत जास्त ८ मिलिमीटरवर. त्या मध्यावर ११.५ व्यासाचं, म्हणजे ५.७५ त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर त्याची बाहेरची कड केंद्रापासून ८ अधिक ५.७५, म्हणजे १३.७५ वर येते. आणि नऊच्या रिंगची त्रिज्या बरोबर १३.७५ आहे. तेव्हा ११.५ चं वर्तुळ नऊच्या रेषेबाहेर जात नसेल तर शॉट दहा. बाहेर जात असेल तर नऊ. भोकाची फाटकी कड आणि दहाची रेषा यांची तुलनाच करायची नाही. दोन स्वच्छ रेषा एकमेकींशी ताडायच्या, आणि त्याही भोकापासून लांब, जिथे कागद अखंड आहे. अशीच चकती दांडीवर बसवलेली गेजंही मिळतात. आतल्या दहासाठी हेच गणित १८ मिलिमीटरच्या चकतीने करतात: मध्य ४.७५ पर्यंत, त्यात ९ मिळवले की पुन्हा १३.७५.

पट्टी बसवताना एकच गोष्ट नाजूक होती. ४.५ चं वर्तुळ कुठे टेकवायचं? बाहेरच्या शॉटने आतल्या शॉटची बाहेरची कड खाऊन टाकली होती. पण दोन्ही शॉट जवळजवळ एकाच त्रिज्येवर होते, एकाच्या मागे दुसरा, त्यामुळे आतल्या शॉटची केंद्राकडची कमान पूर्ण शाबूत होती. निर्णयाला लागणारी बाजू नेमकी तीच. दोन शॉट आडवे शेजारी-शेजारी असते तर एवढं सोपं गेलं नसतं. कमानीच्या भोवतीच्या करड्या कडेवर वर्तुळ असं बसवलं की कड सगळीकडून सारखी आत राहील. करड्या कडेची बाहेरची बाजू हीच छर्ऱ्याची खरी जागा, भोकाची कड नाही.

बघण्याची पद्धतही ठरवून घेतली होती. पट्टी कोरलेल्या बाजूने खाली, कार्डाला टेकलेली. कोरलेली बाजू वर ठेवली तर दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून जरा तिरकं बघताच रेषा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकलेली दिसते, आणि इथे भांडण त्याहून कमी अंतराचं होतं. गेजच्या बाबतीतही हेच. चकती कागदापासून अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली आणि तीस अंशांतून बघितलं, तरी जवळजवळ ०.३ चा फरक पडतो. डोळा भिंगाच्या बरोबर वर, भिंग भोकाच्या बरोबर वर, दिवा दोन्ही बाजूंनी सारखा.

आधी मी बघितलं आणि कागदाच्या चिठ्ठीवर निर्णय लिहून घडी घातली. पट्टी उचलली. मग दुसऱ्या सदस्याने पट्टी नव्याने बसवली, बघितलं, लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्या ज्युरीच्या अध्यक्षांकडे गेल्या. दोघांचं पटलं नसतं तर निर्णय त्यांनी द्यायचा होता. दोन्ही चिठ्ठ्यांवर १० होतं.

११.५ चं वर्तुळ नऊच्या रेषेच्या बाहेरच्या कडेपासून साधारण ०.२ मिलिमीटर आत होतं. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ७.८ वर, आणि त्याची कड दहाच्या रेषेत ०.२ आत शिरलेली. या रेषेची जाडीच मुळात ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. भोक मात्र आखडून ४.२ झालेलं, त्रिज्येत ०.१५ कमी. त्यामुळे भोकाची दिसणारी कड रेषेच्या बाहेरच्या काठावर येऊन थांबली होती आणि डोळ्याला रेषा पूर्ण वाटत होती. भिंगाखाली नीट बघितल्यावर रेषेचा साधारण दीड मिलिमीटरचा तुकडा भोकाकडे वाकलेला, करडा झालेला दिसला. लेन ९ च्या प्रशिक्षकांना अध्यक्षांनी तो भिंगातून दाखवला. दाखवलाच पाहिजे असा नियम नाही, पण मला ते बरोबर वाटलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं. खाल्लीय लाईन." त्या क्षणी ते एवढंच बोलले, आणि प्रशिक्षक म्हणून मला त्यांचा आदर वाटला.

नववं कार्ड: ८, ७, ९, ९, १०. बेरीज ४३. पाचवी सिरीज (दहा शॉटांची, म्हणजे नववं आणि दहावं कार्ड) ७९ ची ८९ झाली, एकूण ५३२ चे ५४२.

लेन ९ च्या प्रशिक्षकांनी मग एक रास्त मागणी केली: "एकीची कार्डं भिंगाखाली घेतली, तर दुसरीचीही घ्या." अध्यक्षांनी ती मान्य केली. माझ्या मते ती कुणी मागायचीही गरज पडू नये. पदकाच्या जागांवरची कार्डं एकाच कसोटीने तपासली जावीत. लेन ९ च्या तिसऱ्या कार्डावर आठ आणि नऊच्या मधला एक शॉट होता, स्कोअररने डोळ्याने नऊ दिलेला. इथे भोक सुटं, चारही बाजूंनी शाबूत, शेजारी काही नाही. गेजला यापेक्षा चांगली जागा नाही. आधी गेज व्हर्नियरवर बघितलं. ४.५० च्या खाली चालत नाही, वर ०.०५ पर्यंत चालतं. वापरून झिजलेलं गेज असेल तर ते नेमबाजाचा गुण खातं आणि कुणाला कळतही नाही. दांडी पुसली, सरळ वरून, न फिरवता, एकदाच आत घातली. चकतीची कड नऊच्या रेषेवर स्पष्ट टेकली होती. नऊ कायम. बाणाने भोक दाखवून कार्डावर "गेज, ९" आणि दोन सह्या. ५४१ चे ५४१ राहिले.

निकाल बदलला. लेन ९ ची मुलगी रडली. लेन ६ च्या मुलीने जाऊन तिला जवळ घेतलं, मग दोघी पाणी प्यायला गेल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी वर्षभर पहाटे उठून सराव केलेला असतो. अशा मुलीला "कार्ड नीट बघितलं नाही" या कारणाने काही गमवावं लागलं, तर ते मला सहन होत नाही. कार्ड पुन्हा तपासल्यावर निकाल उलटल्याचं मोठं उदाहरण १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकचं आहे. तीन पोझिशन रायफलमध्ये अमेरिकेचे लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक टार्गेटांच्या तपासणीनंतर दोघंही ११६२ वर आले आणि सुवर्ण बॅशमला मिळालं. पदक देताना त्याने मर्डॉकला आपल्या शेजारी वरच्या पायरीवर ओढून घेतलं. तिथे निदान जगाने बघितलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत चुकीचं शून्य लागलं तर ते फाइलमध्ये जातं आणि मुलगी खेळ सोडते.

त्या संध्याकाळी आयोजकांसोबत बसून जे ठरवलं ते थोडक्यात सांगते. स्कोअररच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवायचा: भोकं पाच नसतील तर काही लिहू नका, ज्युरीला बोलवा. कार्डावरचा आकडा एकाने वाचायचा, दुसऱ्याने स्वतंत्र वाचायचा, आणि दोघांचं जुळलं तरच लिहायचं. संशयित शॉटसमोर गुणाऐवजी प्रश्नचिन्ह टाकायचं, ते ज्युरी भरेल. कार्डं रेंजवरून बंद पेटीत येतील. वाटेत ना नेमबाज हात लावेल ना प्रशिक्षक, कारण कार्ड नखाने जरी दाबलं गेलं तरी करडी कड पुसते.

सगळ्यात जास्त चर्चा कार्डामागे कोरा कागद लावण्यावर झाली. कार्डामागे थोडं अंतर सोडून साधा कागद असला, तर एकाच भोकातून गेलेल्या दोन शॉटांच्या मागच्या कागदावर बहुतेक वेळा दोन वेगळ्या खुणा उमटतात, कारण हाताची जागा प्रत्येक शॉटला थोडी बदलते आणि छर्रा किंचित वेगळ्या कोनातून येतो. १० मीटरवर हा फरक फार छोटा असतो, त्यामुळे माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. पण मागचा कागद दर कार्डाला बदलला, तर निदान किती शॉट गेले याची मोजणी सोपी होते. आमच्या प्रकरणात तो असता, तर पहिला प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा होता: एका कार्डावर पाचऐवजी दोन शॉट. नेमबाज चांगली असेल तर तिचे पाच शॉट एकमेकांवर पडणारच. ती जितकी चांगली तितकं तिचं कार्ड वाचायला अवघड, आणि आमची पद्धत नेमकी तिलाच त्रास देते. दोन शॉट ठेवले तर ६० शॉटांना बारा नाही, तीस कार्डं लागतील. खजिनदारांनी लगेच हिशेब मांडला: कार्डांचा खर्च अडीचपट, आणि कागदी कार्डांवर मिळणाऱ्या ९० मिनिटांतला जास्त वेळ कार्ड बदलण्यात जाईल. दोन्ही मुद्दे खरे होते. शेवटी असं ठरलं की सरावाच्या आणि निवडीच्या फेऱ्यांत पाचच ठेवायचे आणि पदकाच्या गटांत दोन. पुढच्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात हे छापून आलं, आणि खाली एक ओळ अध्यक्षांनी स्वतःहून घातली: छर्रे चपट्या तोंडाचेच आणावेत ही विनंती.